गिटारची घोडी सरकली तो दिवस

सई, परवा फोनवर तू तुझी नवी बेस गिटार दाखवलीस आणि कुरकुरलीस, की मोकळी तार छान सुरात लागते, पण तीच बाराव्या पडद्यावर, तुझ्या भाषेत फ्रेटवर, दाबली की चढी बोलते. घोडी पक्की बसवलेली आहे, म्हणून दुकानदार म्हणतो आता काही करता येणार नाही. शेजारी तुझा भाऊ रोहन हसत होता, की आजीला हे कशाला सांगतेस. मीही तेव्हा दोघं जेवलात का एवढंच विचारलं. पण फोन ठेवल्यावर दुपारभर माझं कशात लक्ष लागेना. निवडायला घेतलेले गहू ताटात तसेच राहिले. हीच तक्रार, जवळजवळ ह्याच शब्दांत, मी एकदा आमच्या अंगणात ऐकली होती आणि माझं पुढचं शिक्षण तिच्यावर अडून बसलं होतं. तू जिला ब्रिज म्हणतेस तिला आम्ही घोडी म्हणायचो. सतारीची, तंबोऱ्याची ती पट्टी असते ना, जिच्यावर तारा स्वार झालेल्या असतात, तिचं नावच घोडी. तिची गोष्ट तुम्हा दोघांसाठी नीट लिहून ठेवते.

आमचं घर शिरूरच्या पलीकडे, माळाच्या कडेला होतं. अर्धं माणसांचं आणि अर्धं मेंढरांचं. पहाटे मेंढीच्या दुधाचा चहा व्हायचा, इतका दाट की कप रिकामा झाला तरी कडेला सायीची रेघ राहायची. आता बीडच्या फ्लॅटमध्ये पिशवीच्या दुधाचा चहा घेताना मी अजून ती रेघ शोधते. थंडीत हुलग्याचे शेंगोळे, उन्हाळ्यात ताक-भाकरी आणि ठेचा. घरात आवाजांना तोटा नव्हता. आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, खोकला. मायचं भाकरी थापणं. वाड्यातल्या मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. पण खरा गलका व्हायचा तो दिवस कलताना, मेंढरं चरून परत आली की. लहान कोकरं दिवसभर डालग्याखाली झाकलेली असायची. ती सोडायची आणि एकेक कोकरू त्याच्या आईला लावून द्यायचं, हे मायचं काम. सगळी कोकरं काळी, सगळ्या मेंढ्या काळ्या, रंगावरून काही कळायचं नाही. मेंढी खालच्या आवाजात हाक द्यायची, कोकरू वरच्या आवाजात ओ द्यायचं. माय मधोमध उभी राहून मान तिरकी करून ऐकायची, एखादं कोकरू मानेला धरून उचलायची आणि म्हणायची, "हे हिचंच." चुकीच्या मेंढीखाली गेलेल्या कोकराला लाथ बसते, ते उपाशी राहतं. मायच्या हातून गेलेल्या कोकराला लाथ बसलेली मी पाहिली नाही. मीही प्रयत्न करायचे, पण मला सगळा एकच कालवा ऐकू यायचा.

माझा थोरला भाऊ रघू, म्हणजे तुमचे मामाआजोबा, बीडला लाऊडस्पीकरच्या दुकानात कामाला लागला होता. लग्नाकार्याला कर्णे बांधायचे, वायरी ओढायच्या. त्या दुकानात एका ऑर्केस्ट्रावाल्याचं येणं-जाणं होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांचा बेस गिटार वाजवणारा काम सोडून गेला आणि त्याची गिटार कोपऱ्यात धूळ खात पडली. काळी, आतून पोकळ, घोडी तुटून हरवलेली. मोकळ्या वेळात भाऊ तिच्याशी खेळतो हे मास्तरांनी पाहिलं आणि म्हणाले, "घेऊन जा घरी. घोडी बसव, शीक. तुमच्या गावच्या यात्रेत आमचा कार्यक्रम हाय, तिथं आमच्यासंगं वाजव. जमलं तर कायमचा ठेवतो." यात्रेपर्यंत सुट्टी घेऊन, एसटीच्या टपावर मेंढीच्या लोकरीच्या घोंगडीत गुंडाळून भाऊने ती आणली. आबांनी जाड तार एकदा छेडली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्यो आपल्या ढोलाचा चुलता दिसतो." त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव चुलता.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते. इंग्रजीच्या सरांनी दिलेली पुस्तकं मेंढवाड्याच्या भिंतीवर बसून मोठ्याने वाचायचे. मेंढरं रवंथ करत ऐकायची, आणि उच्चार चुकला तरी काही म्हणायची नाहीत. बीडला कॉलेजात जायचं आणि इंग्रजी घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं. अण्णा, माझे वडील, वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. आबांचे गुडघे गेले होते, मेंढरांमागे कोणी तरी हवं होतं. ते म्हणाले, "पोरीला एकटीला बीडात ठिवायची न्हाई. रघ्या तिथं पक्का झाला तर खोली करा, तूबी ऱ्हा त्याच्याजवळ. मेंढरं मी आन् तुझा धाकला भाऊ बघू. पर रघ्याचं न्हाई जमलं, तर त्यो मेंढरामागं आन् तू घरात. मंग पुन्हा कॉलेजचं नाव न्हाई." आणि यात्रेच्या आधीच त्यांनी बोरीची एक नवी काठी तासून, तेल पाजून दाराच्या कोपऱ्यात उभी केली होती. कोणासाठी ते कोणी विचारलं नाही.

घोडी कुठे बसवायची हे ठरवायचं काम भाऊने माझ्यावर सोपवलं, कारण घरात गणित मला येत होतं. तार अर्धी केली की तोच सूर वरच्या सप्तकात बोलतो, हे शाळेत शिकले होते. म्हणजे खुंट्यांकडच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच बाराव्यापासून घोडीपर्यंत. शिंप्याकडून टेप आणला, पुन्हा पुन्हा मोजलं आणि घोंगड्या शिवायच्या दाभणाने गिटारच्या काळ्या रंगावर एक बारीक रेघ ओढली. किसन सुताराने बाभळीच्या गाभ्याची सुरेख घोडी घडवली आणि बरोबर रेघेवर सरसाने चिकटवली. इकडेतिकडे केसभर नाही. मला माझा फार अभिमान वाटला.

भाऊ वाजवू लागला. खालच्या पडद्यांवर गोड, मोकळी तार तर देवळातल्या भजनाच्या पेटीशी अगदी मिळती. पण हात वर सरकला की दुधात लिंबू पडल्यासारखं व्हायचं. त्याने तार बदलून पाहिली, खुंट्या पिळून पाहिल्या. मग त्याला एक गोष्ट आढळली. बाराव्या पडद्यापाशी तारेवर बोट नुसतं टेकवून छेडलं तर स्वच्छ, बरोबर सूर निघतो; तिथेच तार दाबली की तो चढतो.

"मुके, तुझं गणित चुकलं," तो म्हणाला. घरात मला ह्याच नावाने हाक मारत.

मी परत मोजलं. "गणित बरोबर हाय."

"मंग गिटार चुकली का?"

"तुझं बोट चुकत असंल."

"माझं बोट? बैस, वाजवून दाखव तू!"

माय चुलीपासून ओरडली, "वरच्या अंगाला जाऊच नको की! खालीच वाजव गप."

किसन सुताराकडे गेलो तर त्याने मान हलवली. "सरस हाय तो, पिठाची खळ न्हाई. उपटायला गेलो तर पोटाची साल निघंल. मंग ना घोडी ना गाडी." भाऊ घरी येऊन खाली बसला आणि नुसता खालच्या पडद्यांवर वाजवत राहिला. मास्तरांच्या गाण्यांत वर जावं लागतंच, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. अण्णांनी कोपऱ्यातली काठी उचलून तिला पुन्हा एकदा तेल लावलं.

बिरोबाची यात्रा चैत्रात. तोवर चराईला बाहेर गेलेले मेंढरांचे वाडे परत आलेले असायचे, गावात घोंगड्यांचा आणि ताज्या लोकरीचा वास असायचा. त्या दिवशी सकाळपासून घरात ढोल तापवायचं चाललं होतं. ढोलाचं कातडं गार पडलं, ओल धरली, की तो भदभद वाजतो. म्हणून ओवी गाणारी माणसं वाजवण्याआधी ढोल उन्हात नाही तर जाळापाशी तापवतात, मग तो टणक बोलतो. आबांचं आयुष्य त्यात गेलं होतं. मी आणि माय मागच्या अंगाला होतो, मोठ्या पातेल्यात येसर मसाला घातलेला मटणाचा रस्सा उकळत होता, भाकरींची चवड चढत होती. भाऊ देवळापाशी कर्णे बांधायला गेला होता. तो दुपारी परत आला आणि अंगणातूनच ओरडला.

"आबा! हे कावून उन्हात ठिवलं?"

दगडी भिंतीला ओळीने ढोल टेकवलेले होते आणि त्यांच्या शेवटी, दुहेरी घोंगडीवर, तोंड उन्हाकडे करून चुलता. काळा रंग इतका तापला होता की हात ठेववत नव्हता. आबा शेजारी समाधानाने बसले होते.

"तापवला रे. लई दिस झाले म्हनतोस, सुरात बोलंना. गारठला आसंल. ढोल तापला की बोलतो, मंग त्याचा चुलता न्हाई बोलायचा व्हय?"

भाऊने गिटार उचलली आणि घोडी जागची हलली. सरस उन्हाने मऊ झाला होता. तारांच्या दाबाखाली ती उभी होती खरी, पण बोट लावलं की सरकत होती, गुळाच्या पाकातल्या शेंगदाण्यासारखी.

"घोडी सुटली!" भाऊ म्हणाला.

"कुटं पळाली?" आबांनी विचारलं. मग त्यांच्याही लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला.

भाऊ ओट्यावर बसला. "झालं, मुके. तुझंबी, माझंबी." कार्यक्रम दिवेलागणीला होता. किसन सुतार पाहुण्यांत गुंतलेला. दाराच्या कोपऱ्यात ती काठी तेलाने चमकत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. काही तरी करायचं म्हणून गिटार सावलीत घेतली आणि घोडी परत माझ्या रेघेवर आणायला गेले. हात घामेजलेला होता. घोडी रेघ सोडून जरा मागे, तारांची टोकं जिथे अडकवलेली असतात त्या शेपटीकडे सरकली. भाऊने सवयीने मोकळी तार छेडली आणि मग बारावा पडदा दाबून छेडली.

माय मागच्या दारातून आली, हात पिठाने भरलेले. चालता चालता थांबली, मान तिरकी केली.

"आता जवळ आलं," ती म्हणाली.

"काय जवळ आलं?"

"आरं, इतके दिस हाक एका मेंढीची आन् वर वरडायचं दुसरीचं कोकरू. माझे तर कान किटले. आता जवळ आलंय. सरकव की आनखी."

भाऊने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. इतके दिवस ती भाकरी थापताना ते ऐकत होती. कोणी तिला विचारलं नव्हतं आणि तिलाही वाटलं, गिटार अशीच वाजत असेल. मी नखाने घोडी लोटली. भाऊने खालची हाक दिली, मग वरची.

"न्हाई… न्हाई… आत्ता… आगं, पार गेलं. माघारी घे. जरा. हां!" मायने पिठाचा हात वर केला. "हे हिचंच."

ती बारीक तार होती. जाड तारेला हात घातला तर तिचं कोकरू अजून परकंच. जाडीसाठी घोडी मागे घेतली की बारकी बिघडे, बारकीसाठी पुढे घेतली की जाडी. भाऊ वैतागला. पण आता माझं डोकं चालू झालं होतं. बोटाने तार पडद्यावर दाबताना ती खाली ओढली जाते, म्हणजे ताणली जाते, म्हणून चढते. माझं गणित न दाबलेल्या तारेचं होतं आणि तिच्यापुरतं ते बरोबरच होतं! दाबलेल्या तारेला जरा जास्त लांबी द्यायला हवी, आणि जाड तार दाबली की जास्त चढते, म्हणून तिला सगळ्यात जास्त.

"भाऊ, घोडी तिरकी बसवायची. बारीक तारेचं टोक हाय तिथं धर, मी जाडीचं टोक मागं घेते."

"तिरकी? लोक हसतील."

"लोक बघाया येणार हायेत का ऐकाया?" माय म्हणाली. "सरकव गं तू."

रस्सा करपू नये म्हणून ती एकदा आत पळाली आणि लगेच परत आली. एकेक तार झाली. न्हाई, न्हाई, माघारी, हां. आबा श्वास धरून बघत होते. शेवटची तार जुळली तेव्हा घोडी माझ्या रेघेला सोडून उभी होती: बारक्या तारेपाशी थोडीशी मागे, जाडीपाशी चांगली ज्वारीच्या दाण्याएवढी.

पण तारा घट्ट असल्या तरी धक्का लागला तर ती पुन्हा सरकली असती. मान वर केली तर अण्णा मेंढवाड्याच्या दारात उभे. किती वेळ होते कोण जाणे. ते वळले आणि माळाकडे चालू लागले. मला वाटलं, त्यांचं ठरलं, आता कॉलेज नाही. ते परत आले तेव्हा तळहातावर बाभळीचा डिंक होता, ताजा, पाणी लावून मऊ केलेला. भाऊपुढे हात धरून म्हणाले, "कडंकडंनं लाव. सावलीत वाळू दे. आन् आबाला हात लावू देऊ नको."

"मी कशाला लावतोय!" आबा म्हणाले, आणि चुलत्याच्या राखणीला स्वतःच सावलीत बसले. माशी बसली तरी पागोट्याचा शेव हलवायचे. मी त्या दुपारी दोन वाट्या रस्सा प्यायले. इतकी भूक मला नंतर क्वचितच लागली असेल.

दिवेलागणीला देवळापुढच्या पटांगणात ऑर्केस्ट्रा उभा राहिला. बायकांच्या बाजूला मी आणि माय. आधी भाऊ खालीच वाजवत होता. सवयच पडली होती. कर्ण्यातून तो आवाज यायचा तो कानात नव्हे, पायांच्या तळव्यांत. मग एका गाण्यात मास्तरांनी अ‍ॅकॉर्डियन वाजवता वाजवता त्याला हनुवटीने खूण केली, वर चल. मायने माझं मनगट धरलं. भाऊचा हात वर सरकला, बाराव्या पडद्यापाशी गेला, आणि तिथून तो पायऱ्या उतरल्यासारखा शांतपणे खाली आला. मायची पकड सैल झाली. माझ्या मनगटावर पीठ राहिलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही सगळे जवळ गेलो. मास्तरांनी गिटार हातात घेऊन दिव्याखाली धरली. "काय बे, घोडी वाकडी बसवली?"

"मुद्दाम बसवली, मास्तर."

"कोनी शिकवलं?"

भाऊने आमच्याकडे बोट केलं. "आबांनी सोडवली, बहिणीनं सरकवली, मायनं ऐकली, अण्णांनी चिकटवली."

"मंग तुझं काय ह्यात?"

"मी वाजवली."

मास्तर इतके हसले की त्यांची टोपी पडली. "बरं. सोमवारी ये. आन् घोडीला हात लावू नको, तशीच ऱ्हाऊ दे." मास्तर आणखी काही बोलणार होते, पण आबांनी त्यांना आधी जेवायला चला म्हणून हाताला धरून ओढलं.

घरी परत येताना अण्णा पुढे, आम्ही मागे. दारात आल्यावर त्यांनी कोपऱ्यातली नवी काठी घेतली, हातात तोलून पाहिली आणि म्हणाले, "मलाच बरी हाय ही." मग जरा थांबून, "बीडात खोली बघायला दोघंबी जावा. पोरीला कॉलेज जवळ पडंल अशी बघा." मायने उरलेल्या भाकरी कुस्करून कुत्र्याला घातल्या. त्यापलीकडे कोणी त्याचा सोहळा केला नाही. पुढे मी बीडच्या कॉलेजात इंग्रजी शिकले आणि निवृत्त होईपर्यंत तेच शिकवलं. भाऊने बरीच वर्षं वाजवलं. बोटं आखडल्यावर गिटार मला देऊन टाकली. आता तो मांजरसुंब्याला मुलाच्या ढाब्यात गल्ल्यावर बसतो आणि टेबलावर बोटांनी ताल धरतो.

तर सई, दुकानदाराचं ऐकू नकोस. घोडी हलत नसेल तर तिचा माथा थोडा घासता येतो. तारेखालची पुढची, पडद्यांकडची कड हळूहळू कमी कर, मागची तशीच ठेव, म्हणजे तार मागच्या कडेवर टेकेल आणि तिला लांबी मिळेल. जाड तारेला जास्त. एका वेळी थोडंच घास. घासलेलं परत येत नाही. मोजायला पट्टी घे, पण शेवटचं कानावर सोड. वाटल्यास फोन टेबलावर ठेव, आधी मोकळी तार छेड, मग बारावा पडदा. मलाही आता बरंच ऐकू येतं.

हे लिहिताना मी ती काळी गिटार भिंतीवरून काढून मांडीवर घेतली आहे. घोडीला नंतर किसन सुताराने बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, मारले, तशाच तिरक्या घोडीला. तिच्या पुढे माझी दाभणाची रेघ अजून दिसते, सरळ आणि अगदी बरोबर. दोन्हींच्या मध्ये, जाड तारेखाली, आत्ताच मी ज्वारीचा एक दाणा ठेवून पाहिला. तो बसतो.